लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना : ग्राफिक्स चिप कोणती असावी?

विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. साधारण २०१७ आधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाहीत. त्यामुळे आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत उबंटू किंवा लिनक्स मिंट येऊन बसले आहे. आता नवा किंवा वापरलेला लॅपटॉप घ्यायची वेळ आली की सभासद विचारतात, "लिनक्स नीट चालेल असा कोणता घ्यावा?" रॅम आणि डिस्कची काळजी करायचे कारण नाही, त्या कोणत्याही चालतात. अडते ते बहुधा ग्राफिक्स चिपपाशी. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही, आमची हयात बँकेत गेली. पण सही करण्याआधी कागद पाहण्याची सवय इथेही उपयोगी पडली, म्हणून हे टिपण.

पडद्यावर दिसणारे चित्र ग्राफिक्स चिप तयार करते. तिला कामाला लावणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ज्या चिपचा ड्रायव्हर आधीपासून असतो तिच्यासाठी आपल्याला काहीच करावे लागत नाही. ज्या चिपचा ड्रायव्हर कंपनीकडून वेगळा आणून बसवावा लागतो, तिथे प्रत्येक मोठ्या अपडेटच्या वेळी थोडी धाकधूक असते.

इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स पहिल्या प्रकारात मोडते. ड्रायव्हर कंपनीच लिहिते, त्याचा कोड खुला असतो आणि तो कर्नेलमध्येच येतो. एएमडीचेही आज तसेच आहे. त्यांचा 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नेलमध्ये आला. मात्र नुसते इंटेलचे नाव पाहून भुलू नये. २००८ च्या सुमारास काही छोट्या लॅपटॉपांत आलेली 'जीएमए ५००' ही चिप इंटेलच्या नावाने होती, पण तिच्या आतली 'पॉवरव्हीआर' ही रचना दुसऱ्या कंपनीची. लिनक्सवाल्यांना तिने फार छळले. जुन्या बाजारात अॅटम प्रोसेसरचा चिमुकला लॅपटॉप स्वस्त मिळाला तर एवढे आठवावे.

एनव्हिडियाची गोष्ट लांबलचक आहे. कंपनीचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे बंदिस्त होता. बाहेरच्या मंडळींनी चिपचे वागणे पाहून पाहून 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला, पण वेगात तो मागे राहिला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात या कंपनीबद्दल भर सभेत जे बोलले, ते मंडळाच्या संकेतस्थळावर छापण्याजोगे नाही. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, तोही २०१८ च्या 'ट्युरिंग' पिढीपासून पुढच्या चिपांसाठी. वरचा भाग अजून बंदिस्तच आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या पिढ्यांचा आधार कंपनी क्रमाने काढून घेते. 'पास्कल' पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. वापरलेल्या लॅपटॉपांत सर्रास दिसणाऱ्या एमएक्स १५०, एमएक्स २५० आणि जीटीएक्स १०५० याच पिढीतल्या. दुकानदार 'वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे' म्हणून याच लॅपटॉपचे जास्त पैसे सांगतो!

शिवाय अशा लॅपटॉपमध्ये दोन चिपा असतात : रोजच्या कामाला प्रोसेसरमधली, जड कामाला वेगळी. बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआयचे भोक या दुसऱ्या चिपेला जोडलेले असते. हे आम्ही अनुभवाने शिकलो. गणेशोत्सवात जुन्या फोटोंचा कार्यक्रम होता आणि आम्ही आदल्या रात्री हौसेने सगळे अपडेट करून ठेवले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या पडद्यावर सगळे ठीक, प्रोजेक्टरवर मात्र काळोख. नव्या कर्नेलबरोबर दुसऱ्या चिपेचा ड्रायव्हर चढलाच नव्हता. शेवटी एका सभासदाच्या मुलाने जुन्या कर्नेलवरून मशीन सुरू केले, तोवर आरतीची वेळ झाली होती.

सिक्युअर बूट चालू असेल तर आणखी एक खाच आहे. वेगळा ड्रायव्हर बसवताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते. मशीन पुन्हा सुरू झाले की निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईने 'कंटिन्यू' दाबले तर ड्रायव्हर चढत नाही.

तेव्हा पत्रव्यवहार, बँकेची कामे, व्हिडिओ कॉल आणि मराठी टंकलेखन एवढ्यासाठी लॅपटॉप हवा असेल, तर वेगळे कार्ड नसलेला, फक्त इंटेल किंवा एएमडीचे ग्राफिक्स असलेला घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॅटरीही जास्त पुरते. घरातल्या मुलाला मशीन लर्निंग शिकायचे असेल तर गोष्ट निराळी. तिथे एनव्हिडियाची 'कुडा' प्रणाली लागते आणि ती त्यांच्याच चिपेवर चालते. मग निदान आरटीएक्स मालिकेतली घ्यावी.

अगदी ताजे मॉडेलही टाळावे. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते; तिच्यानंतर बाजारात आलेली चिप तिला ओळखू येईलच असे नाही. सहा महिने ते वर्ष जुने मॉडेल बरे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर नेहमीची उबंटू किंवा मिंट सुरूच होत नाही. आणि 'डॉस' लिहिलेला लॅपटॉप म्हणजे लिनक्सला योग्य, हा समज चुकीचा आहे. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजचे पैसे लावलेले नाहीत.

पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवरून उबंटू चालवून पाहावी. ८ जीबीचा पुरतो, लॅपटॉपमधले काही पुसले जात नाही. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबून पेन ड्राइव्ह निवडता येतो. 'ट्राय' निवडून सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसले तर चिपचा ड्रायव्हर लागलेला नाही आणि सगळे चित्र प्रोसेसर एकटा ओढतो आहे. मग दुकानातल्या टीव्हीला एचडीएमआय लावावी, उजेड कमी-जास्त करावा, झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडावे. झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहिला तर तो लॅपटॉप घेऊ नये. सीलबंद खोका दुकानदार उघडत नसेल तर त्याच मॉडेलचा मांडलेला नमुना तपासावा, पण मॉडेल क्रमांकातली शेवटची अक्षरेसुद्धा जुळवून घ्यावीत. एकाच नावाखाली ग्राफिक्स वेगळे निघते.

तयार केलेला असा एक पेन ड्राइव्ह मंडळाच्या वाचनालयात ठेवला आहे. वहीत नोंद करून न्यावा आणि आठवड्याच्या आत आणून द्यावा.