युरोपशी फारकत आणि हुजूर पक्षाचा गृहकलह

१३ नोव्हेंबर १९९० रोजी लंडनच्या कॉमन्स सभागृहात सर जेफ्री हाऊ बोलावयास उभे राहिले. आवाज मृदू, बोलणे संथ. त्यांची टीका म्हणजे मेलेल्या मेंढराने केलेला हल्ला, अशी थट्टा मजूर पक्षाचे डेनिस हीली यांनी पूर्वी याच सभागृहात केली होती. मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात हाऊ यांनी अकरा वर्षे काढली. आधी अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री व शेवटी उपपंतप्रधान म्हणून. १ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला होता आणि त्याचे कारण युरोप हे होते. युरोपीय चलनाविषयी अर्थमंत्री वाटाघाटी करीत असताना पंतप्रधान त्या वाटाघाटींची जाहीर अवहेलना करतात, ही त्यांची तक्रार. ती त्यांनी क्रिकेटच्या भाषेत मांडली: सलामीचे फलंदाज खेळपट्टीवर उतरावेत, पहिले चेंडू पडू लागावेत आणि तेव्हा कळावे की सामन्यापूर्वीच आपल्या कर्णधाराने आपल्या बॅटी मोडून ठेवल्या आहेत. आम्हां भारतीयांना हा दाखला उलगडून सांगावा लागत नाही.

लगेच मायकेल हेझल्टाईन यांनी नेतेपदासाठी आव्हान दिले. २० नोव्हेंबरला हुजूर पक्षाच्या खासदारांनी मतदान केले, तेव्हा थॅचरबाई पॅरिसला एका परिषदेत होत्या. त्यांना २०४ मते पडली, हेझल्टाईन यांना १५२. बहुमत बाईंचेच होते; परंतु पक्षाच्या नियमानुसार पहिल्या फेरीत जिंकण्यासाठी जेवढी आघाडी लागे, तीत चार मते कमी पडली. २२ तारखेला त्यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले. तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकलेली स्त्री मतदारांनी नव्हे, तर स्वपक्षीयांनी घरी पाठविली.

ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला, या घटनेची कारणे सांगताना स्थलांतर, सार्वभौमत्व, संघाच्या तिजोरीत जाणारा पैसा, ओस पडलेली औद्योगिक गावे यांचा उल्लेख होतो. ती कारणे आम्ही खोटी मानीत नाही. परंतु तीस वर्षांचा हा इतिहास क्रमाने वाचला म्हणजे दिसते की, वाद युरोपविषयी होता तितकाच तो नेत्याच्या खुर्चीविषयी होता. त्या खुर्चीवर कोणी बसावे आणि कोणी बसवावे, याविषयी होता. देशाने कोणत्या दाराने बाहेर पडावे हे बऱ्याच अंशी या दुसऱ्या वादाने ठरविले.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. ब्रिटनला युरोपीय सामायिक बाजारपेठेत घेण्यास फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ व १९६७ असा दोन वेळा नकार दिला. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने देशाला आत नेले. त्या काळी फाटाफूट होती ती मजूर पक्षात. ती सांधण्यासाठी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी जून १९७५ मध्ये सार्वमत घेतले आणि आपल्या मंत्र्यांना दोन्ही बाजूंनी बोलण्याची मुभा दिली. सुमारे ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. नुकत्याच हुजूर पक्षाच्या नेत्या झालेल्या थॅचरबाई तेव्हा युरोपच्या बाजूने प्रचार करीत होत्या, हे आज सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही.

थॅचरबाईंच्या मागून आलेल्या जॉन मेजर यांना मास्ट्रिक्ट करारावरून स्वपक्षातील बंडखोरांनी इतके छळले की, जून १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच पक्षनेतेपद सोडून पुन्हा निवडणूक मागितली. जॉन रेडवुड यांच्याविरुद्ध २१८ विरुद्ध ८९ मतांनी ते जिंकले. पक्ष मात्र सावरला नाही. १८४६ साली धान्याच्या कायद्यांवरून याच पक्षाने सर रॉबर्ट पील या आपल्या पंतप्रधानास पाडले होते. तेव्हाचे वितुष्ट पुढे कित्येक वर्षे टिकले.

१९९७ च्या दारुण पराभवानंतर नेता निवडण्याचा नियम बदलला. खासदारांनी दोन उमेदवार शिल्लक ठेवावेत आणि त्यांतून एकाला देशभरच्या पक्षसदस्यांनी निवडावे, असे ठरले. हा बदल वरकरणी लोकशाहीचा. परिणाम मात्र दूरगामी झाला. २००१ मध्ये खासदारांच्या अखेरच्या फेरीत युरोपवादी केनेथ क्लार्क पहिले आले. सदस्यांनी मात्र मास्ट्रिक्टच्या बंडखोरांतील इयान डंकन स्मिथ यांना मोठ्या बहुमताने निवडले, आणि दोन वर्षांतच खासदारांनी त्यांना काढून टाकले. ज्याला नेता व्हायचे आहे त्याने युरोपविरोधाची दक्षिणा सदस्यांपुढे ठेवावी, ही रीत येथून रूढ झाली. २००५ मध्ये डेव्हिड कॅमरून यांनीही ती ठेवली: युरोपीय संसदेतील मध्यममार्गी गटाशी संबंध तोडण्याचे वचन त्यांनी दिले.

याच कॅमरून यांनी २३ जानेवारी २०१३ रोजी सार्वमताची घोषणा केली. बाहेरून नायजेल फराज यांचा यूके इंडिपेन्डन्स पक्ष मते ओढू लागला होता, आतून मागच्या बाकांवरील खासदार कुरकुरत होते. विल्सन यांनी सार्वमताने पक्ष सांधला, तसा आपणही सांधू, असा कॅमरून यांचा हिशेब असावा. त्यांनीही मंत्र्यांना मोकळीक दिली. लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन शेवटपर्यंत कुंपणावर बसले होते. एक लेख संघ सोडण्याच्या बाजूने आणि एक राहण्याच्या बाजूने, असे दोन लेख लिहून त्यांनी पहिला छापावयास दिला, ही हकीकत नंतर बाहेर आली. आम्ही तिच्यावरून त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करीत नाही. दोन्ही बाजू लिहून पाहणे हे काही पाप नव्हे.

२३ जून २०१६ रोजी १ कोटी ७४ लाख लोकांनी सोडण्याच्या व १ कोटी ६१ लाख लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले, टक्केवारी ५१.९ व ४८.१. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमरून यांनी राजीनाम्याची घोषणा केली. सोडायचे एवढे लोकांनी सांगितले होते. कसे सोडायचे, ते मतपत्रिकेवर नव्हते. ते सांगणारा नेता हवा होता.

पुढचे अठरा-एकोणीस दिवस शेक्सपियरच्या देशाला शोभतील असे गेले. जॉन्सन नेते होणार आणि त्यांचे प्रचारातील सोबती मायकेल गोव्ह त्यांचे सेनापती राहणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ३० जूनच्या सकाळी गोव्ह यांनी जाहीर केले की, जॉन्सन यांच्यात नेतृत्वाची पात्रता नाही, सबब आपण स्वतःच उभे राहतो. त्याच दिवशी जॉन्सन यांनी माघार घेतली. मित्राला पाडणाऱ्या गोव्ह यांनाही खासदारांनी तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. उरल्या दोघी: गृहमंत्री थेरेसा मे आणि ऊर्जामंत्री अँड्रिया लेडसम. मेबाई अँग्लिकन धर्मगुरूची कन्या, अपत्यहीन. लेडसमबाईंच्या एका मुलाखतीतून असा सूर उमटला की, आई असल्यामुळे देशाच्या भविष्याशी आपले नाते अधिक जिव्हाळ्याचे आहे. त्यावरून गदारोळ उठला, त्यांनी क्षमा मागितली आणि ११ जुलैला त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. १३ जुलैला मेबाई पंतप्रधान झाल्या. सदस्यांचे मतदान झालेच नाही. त्यामुळे युरोपशी नेमके कोणते नाते ठेवणार, हा प्रश्न त्यांना पक्षात कोणी धसास लावून विचारला नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. आमच्या मते पुढच्या सर्व दुर्दशेचे बीज या न झालेल्या निवडणुकीत आहे.

मजूर पक्षातही याच दिवसांत रण माजले. जेरेमी कॉर्बिन यांनी राहण्याच्या बाजूने पुरेशा जोमाने प्रचार केला नाही, म्हणून खासदारांनी त्यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखविला. सदस्यांनी सप्टेंबरमध्ये त्यांनाच पुन्हा नेता केले. म्हणजे दोन्ही पक्षांत खासदारांचे मन एक आणि सदस्यांचे दुसरे, अशी अवस्था झाली.

मेबाईंनी मार्च २०१७ मध्ये संघ सोडण्याची रीतसर नोटीस दिली आणि आपला हात बळकट व्हावा म्हणून जूनमध्ये निवडणूक घेतली. झाले उलटेच. बहुमत गेले आणि उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहा खासदारांवर सरकार टेकले. येथे आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न आला, आणि तो समजून घेणे अगत्याचे आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, उर्वरित आयर्लंड स्वतंत्र देश. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. तीन दशकांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेल्यावर, गुड फ्रायडेच्या दिवशी, १० एप्रिल १९९८ रोजी, तेथे समेटाचा करार झाला होता. दोन्ही देश युरोपीय संघात असल्यामुळे सीमेवर जकातनाका लागत नसे. शेतकरी, शाळकरी मुले, मिस्साला जाणारी कुटुंबे ती सीमा न जाणवता ओलांडीत. ब्रिटन बाहेर पडल्यावर नाके कोठे उभारायचे? या एका प्रश्नावर मंत्रिमंडळ फुटले. सीमा मोकळी ठेवण्यासाठी, दुसरी तजवीज होईपर्यंत ब्रिटनने युरोपच्या जकातव्यवस्थेत राहावे, अशी बॅकस्टॉप नावाची हमी मेबाईंच्या फारकतीच्या करारात होती. ही तर गुलामगिरी, असे बंडखोर म्हणू लागले. जॉन्सन मेबाईंचे परराष्ट्रमंत्री झाले होते. करार अजून घडत असतानाच, जुलै २०१८ मध्ये, ते राजीनामा देऊन बाहेर पडले होते.

आता पक्षाची पत्रपेटी उघडली. हुजूर खासदारांच्या संघटनेला १९२२ समिती म्हणतात (स्थापना मात्र १९२३ ची). तेव्हाच्या नियमानुसार तिच्या अध्यक्षांकडे १५ टक्के खासदारांनी, म्हणजे त्या वेळी ४८ जणांनी, अविश्वासाचे पत्र दिले की नेत्यावर गुप्त मतदान होत असे. १२ डिसेंबर २०१८ रोजी ते झाले. पुढील सार्वत्रिक निवडणुकीत आपण नेतृत्व करणार नाही, असे वचन देऊन मेबाई २०० विरुद्ध ११७ मतांनी वाचल्या. नियमानुसार वर्षभर पुन्हा आव्हान देता येत नव्हते. अशा रीतीने एक नेत्या धड हटवताही येईनात आणि धड ऐकल्याही जाईनात. १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. विरोधकांत त्यांच्याच पक्षाचे ११८ जण होते. दुसऱ्याच दिवशी मजूर पक्षाने सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला, तेव्हा याच ११८ जणांनी सरकार वाचविले. करार नको, सरकार हवे. बाई नकोत, निवडणूकही नको. २७ मार्चला सभागृहापुढे आठ वेगवेगळे पर्याय ठेवले गेले आणि आठही पडले. त्याच संध्याकाळी मेबाईंनी खासदारांना सांगितले की, करार मंजूर करा, मी जाते. स्वतःची खुर्ची किंमत म्हणून पुढे करणारा पंतप्रधान विरळाच. २९ मार्च हा बाहेर पडण्याचा मूळ दिवस. त्या दिवशी जॉन्सन यांनी कराराला मत दिले, तरीही तो ५८ मतांनी पडला. २४ मे रोजी राजीनामा जाहीर करताना त्यांचा कंठ दाटून आला.

जुलैमध्ये ९२,१५३ पक्षसदस्यांच्या मतांनी जॉन्सन नेते व म्हणून पंतप्रधान झाले. साडेचार कोटींहून अधिक मतदारांच्या देशात पंतप्रधान निवडणारे एवढेच. त्यांनी संसद पाच आठवडे संस्थगित केली. ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरविले. पक्षादेश मोडणाऱ्या २१ खासदारांना त्यांनी एका रात्रीत पक्षाबाहेर काढले. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते आणि २००१ मध्ये नेतेपद हुकलेले क्लार्कही होते. दोन दिवसांनी जॉन्सन यांचे सख्खे बंधू जो यांनी, कुटुंबनिष्ठा आणि राष्ट्रहित यांत आपली ओढाताण होत असल्याचे सांगून मंत्रिपद सोडले. ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांनी नवा करार आणला. त्यात तपासणीची रेषा उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या मध्ये, म्हणजे समुद्रात, आखलेली होती. अशी रेषा कोणतेही हुजूर सरकार मान्य करणार नाही, असे त्यांनी वर्षभरापूर्वी बेलफास्टला युनियनिस्टांच्याच मेळाव्यात सांगितले होते. डिसेंबरच्या निवडणुकीत ३६५ जागा मिळाल्या आणि करार मंजूर झाला. समुद्रातील त्या रेषेच्या निषेधार्थ युनियनिस्टांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलफास्टचे संयुक्त सरकार पाडले. ते दोन वर्षे उभे राहिले नाही.

या भांडणाची झळ आमच्या शेजारच्या गोव्यालाही लागली. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या गोवेकरांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर कुटुंबे इंग्लंडमध्ये स्विंडन, साऊथॉल इत्यादी ठिकाणी जाऊन राहिली होती. (वसईकरांना ही सोय नाही, आमच्याकडचा पोर्तुगीज अंमल १७३९ मध्येच संपला.) त्यांना ब्रिटनमध्ये राहता येत होते ते युरोपीय नागरिक म्हणून. संघाबाहेर पडताच, आधी गेलेल्यांना जून २०२१ अखेरपर्यंत वास्तव्याच्या हक्कासाठी अर्ज करावे लागले आणि मागून जाऊ इच्छिणाऱ्यांचा मार्ग बंद झाला. पुढे गेलेला थोरला भाऊ तेथे आणि धाकटा मडगावला, असे काही घरांत झाले.

पत्रपेटी मात्र तशीच राहिली. जून २०२२ मध्ये तिच्यातून जॉन्सन यांच्याविरुद्धची पत्रे निघाली. ते २११ विरुद्ध १४८ मतांनी वाचले आणि महिन्याभरात गेले. सदस्यांनी निवडलेल्या लिझ ट्रस यांनी जेमतेम दीड महिन्यात राजीनामा दिला. मग खासदारांनी सदस्यांचे मत न घेताच ऋषी सुनक यांना बसविले. सुनक यांनी १३ नोव्हेंबर २०२३ रोजी कॅमरून यांना उमरावपद देववून परराष्ट्रमंत्री केले. हाऊ यांनी सहा वर्षे सांभाळलेले तेच खाते.