रिकामा वेळ मोजणारे संशोधक : स्किझोफ्रेनिया, संस्था आणि जगण्याचा दर्जा

#थ्रेड

१/ स्किझोफ्रेनिया झालेली व्यक्ती वीस वर्षे रुग्णालयात राहते. बोलणे तुटक होते, चेहरा भावशून्य होतो, खिडकीपाशी बसून दिवस सरतो. हे आजाराचे लक्षण मानायचे की त्या वीस वर्षांचे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टरांचे उत्तर ठरलेले होते : आजाराचे. हा प्रश्न प्रत्यक्ष मोजमाप करून तपासला गेला तो इंग्लंडमध्ये, १९६० साली.

२/ पार्श्वभूमी अशी. १९५०च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंड आणि वेल्समधील मनोरुग्णालयांत सुमारे दीड लाख माणसे राहत होती. गावाबाहेरची प्रचंड दगडी-विटांची इमारत, स्वतःची शेती, स्वतःची धुलाई, उंच पाण्याची टाकी. (ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर येथील जुनी मनोरुग्णालयेही याच वसाहतकालीन साच्यातली.) दीर्घकाळ राहणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा भरणा मोठा होता.

३/ १९५९ साली रसेल बार्टन या मनोविकारतज्ज्ञाचे एक छोटेखानी पुस्तक आले. त्यात त्याने ‘संस्थाजन्य मनोविकृती’ असा स्वतंत्र आजारच मांडला. बाहेरच्या जगाशी तुटलेला संबंध, लादलेला रिकामपणा, कर्मचाऱ्यांची हुकूमत, मित्र आणि स्वतःच्या वस्तू गमावणे, औषधांची गुंगी, वॉर्डातले वातावरण आणि पुढे काही घडेल ही आशाच नसणे, अशी त्याची कारणमीमांसा होती. बार्टन वैद्यकीय विद्यार्थी असताना १९४५ मध्ये मुक्त झालेल्या बेल्सेन छळछावणीत मदतीसाठी गेला होता, हे इथे लक्षात ठेवावे.

४/ पण बार्टनचे म्हणणे हे निरीक्षण होते, पुरावा नव्हे. पुरावा गोळा करण्याचे काम जॉन विंग हा मनोविकारतज्ज्ञ आणि जॉर्ज ब्राउन हा समाजशास्त्रज्ञ या दोघांनी हाती घेतले.

५/ त्यांनी तीन रुग्णालये निवडली : सरेतील नेदर्न, नॉटिंगहॅमचे मॅपरली आणि एसेक्समधील सेव्हरल्स. तिन्हींची शिस्त आणि वातावरण वेगवेगळे. मॅपरलीत डंकन मॅकमिलनने १९५०च्या दशकातच वॉर्डांची कुलपे काढली होती. नेदर्न पुनर्वसनासाठी नावाजलेले. सेव्हरल्स मात्र जुन्या वळणाचे. तिथे बार्टन नुकताच प्रमुख म्हणून रुजू होत होता. दीर्घकाळ राहिलेल्या, स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या २७३ स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला.

६/ या अभ्यासाचे वेगळेपण मोजमापात आहे. लक्षणे तर नोंदवलीच. पण त्याबरोबर प्रत्येक स्त्रीच्या मालकीच्या साध्या वस्तू किती, हेही नोंदवले. वॉर्डातले नियम किती जाचक, बाहेरच्या जगाशी संबंध किती, ही बाई काय काय करू शकेल असे परिचारिकांना वाटते, हे विचारले. आणि दिवसातला किती वेळ ती अक्षरशः काहीही न करता घालवते, तेही मोजले. जगण्याचा दर्जा ही संज्ञा तेव्हा मनोविकारशास्त्रात रुळलेली नव्हती. मोजले जात होते ते मात्र नेमके तेच.

७/ निष्कर्ष स्पष्ट होता. जिथे भोवतालचे जग अधिक दरिद्री, तिथे भावशून्यता, अबोलपणा आणि अलिप्तताही अधिक. १९६० मध्ये सेव्हरल्सची स्थिती सर्वांत वाईट, नेदर्नची सर्वांत बरी.

८/ इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल : अधिक आजारी बायकांनाच रिकामे बसवले जात असेल तर? हरकत रास्त आहे. म्हणूनच तीच पाहणी १९६२, १९६४ आणि १९६८ मध्ये पुन्हा झाली. मधल्या काळात रुग्णालये बदलत होती, आणि ज्यांचे भोवताल सुधारले त्यांची लक्षणेही उणावत होती. औषधांतील बदलाने हा फरक उलगडत नव्हता. सुधारणेशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते एकाच गोष्टीचे : रिकामा वेळ कमी होण्याचे.

९/ मात्र सगळाच आजार संस्थेने घडवला, असे विंग आणि ब्राउन कधीच म्हणाले नाहीत. सुधारणा सर्वांत झाली नाही, आणि १९६४ नंतर तिचा वेगही ओसरला. अपुऱ्या तयारीनिशी कामाला जुंपलेल्या काही रुग्णांचे भास-भ्रम उलट उफाळून आल्याचे विंगला दुसऱ्या एका अभ्यासात आढळले होते. ब्राउनचा १९५८चा निष्कर्ष तर आपल्याकडच्या समजुतीला धक्का देणारा आहे : रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या पुरुषांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेले अधिक टिकून राहिले. ‘घरी नेले की बरे होईल’ हे सूत्र इतके सरळ नाही. फार रिकामपण सोसत नाही, तसा फार ताणही सोसत नाही.

१०/ आणखी एक अस्वस्थ करणारी नोंद. मुक्काम जितका लांबला, तितकी बाहेर पडण्याची इच्छा विझत गेली. ‘त्यांना इथेच राहायचे आहे’ हे संस्थाचालकांचे वाक्य म्हणूनच खरे असूनही अपुरे ठरते.

११/ या अभ्यासाचा ग्रंथ १९७० साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. तोवर राजकारण पुढे गेले होते. आरोग्यमंत्री इनॉक पॉवेलने १९६१ मध्येच पंधरा वर्षांत मनोरुग्णालयांतील ७५ हजार खाटा कमी करण्याचा मनोदय जाहीर केला होता. खाटा कमी झाल्या. बदली घरे त्या वेगाने उभी राहिली नाहीत.

१२/ खरी परीक्षा लंडनमधील फ्रिअर्न आणि क्लेबरी ही रुग्णालये बंद होताना झाली. ज्युलियन लेफ यांच्या पथकाने १९८५ पासून तिथल्या दीर्घकालीन रुग्णांचा माग ठेवला. बहुतेक जण कर्मचारी असलेल्या लहान घरांत गेले. पाच वर्षांनी ६७० जणांचा हिशेब मांडला, तेव्हा मानसिक लक्षणे जवळपास तशीच होती. पण स्वयंपाक, बाजारहाट, प्रवास ही कामे त्यांना अधिक जमू लागली होती. बंधने कमी झाली होती. मित्र मिळाले होते, मनातले बोलता येईल अशी माणसे मिळाली होती. बहुसंख्यांना नवे घर सोडायचे नव्हते.

१३/ आजार तोच, आयुष्य वेगळे. फ्रिअर्न १९९३ मध्ये बंद झाले. १८५१ साली ‘कोल्नी हॅच’ या नावाने उघडलेल्या, लांबच लांब मार्गिकेसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या इमारतीत आज श्रीमंतांचे फ्लॅट आहेत.