घराण्यांची दप्तरे (जुन्नर व आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील वतनदार घराणी आणि गावे यांच्या इतिहासाचे कागद. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर येथे होती. पुढेही ते मोठ्या कारभाराचे ठाणे राहिले. देशमुख, देशपांडे, पाटील व कुळकर्णी यांच्या वतनांची कागदपत्रे त्यामुळे साठत गेली. सनदा, महजर, वाटणीपत्रे व वंशावळी ही त्यांतील मुख्य साधने. लिपी बहुधा मोडी, बादशाही फर्माने मात्र फार्सी.

महजर म्हणजे वतनाच्या तंट्यावर गोतसभेने (वतनदार व बलुतेदारांच्या सभेने) दिलेला निवाडा. वादी-प्रतिवादी आपली पिढीजाद हकिकत ‘करीना’ म्हणून लिहून देत. साक्षीदार बलुतेदार सहीऐवजी धंद्याची खूण काढीत. पाटलाची निशाणी नांगर. यामुळे एकाच कागदातून घराण्याबरोबर सारे गाव उभे राहते.

वि. का. राजवाडे यांनी असे कागद गावोगाव हिंडून मिळवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत छापले. अशाच कामासाठी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरकारी कागद पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव व आडनावावरून यजमानांच्या पिढ्या सापडतात.

वंशावळी जपण्यामागचे हेतू वेगवेगळे असतात. अमेरिकेतील मॉर्मन पंथाने पूर्वजांसाठी करावयाच्या धर्मविधींकरिता १८९४ मध्ये युटा येथे वंशावळ संस्था काढली; तिने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही सूक्ष्मचित्रे घेतली. याउलट मराठी दप्तरे टिकली ती मुख्यतः वतनाचा हक्क शाबीत करण्यासाठी.