हातानं केलेलं, पण कोणाच्या हातानं? भेटकार्डाच्या इतिहासातला एक प्रश्न

मागच्या वेळी आपण पत्र या गोष्टीविषयी बोललो होतो. आज त्याच पत्राच्या धाकट्या भावंडाकडे, म्हणजे भेटकार्डाकडे वळू. विषय हलकाफुलका वाटेल. तसा तो आहेही. पण त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो.

आपली सर्वसाधारण समजूत अशी असते, की पूर्वी माणसं निवांतपणे हातानं भेटकार्डं करायची, मग छापखाना आला आणि सगळं यांत्रिक झालं. ही समजूत इतिहासाला फारशी धरून नाही.

1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचा एक कर्तबगार अधिकारी होता. रोलंड हिल यांच्या टपाल सुधारणेत त्यानं काम केलं होतं. पुढे 1851च्या भव्य प्रदर्शनात त्याचा मोठा वाटा होता आणि आज ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात, त्याचा तो पहिला संचालक झाला. 1840पासून इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र कुठंही जाऊ लागलं होतं. पूर्वी अंतराप्रमाणे पैसे पडत आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यालाच द्यावे लागत. टपाल स्वस्त झालं, पत्रं वाढली आणि नाताळच्या सुमारास कोलच्या टेबलावर उत्तर न दिलेल्या पत्रांचा ढीग साचला. उत्तर न देणं असभ्यपणाचं आणि द्यायला तर वेळ नाही! मग त्यानं जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं. मधे जेवायला बसलेलं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देण्याची दृश्यं. चित्रातलं कुटुंब मद्याचे पेले उंचावत होतं, म्हणून दारूबंदीवाल्यांनी टीकाही केली. उरलेली कार्डं एका शिलिंगाला एक अशी विकायला ठेवली. शिलिंग म्हणजे बारा पेन्स, म्हणजे टपालखर्चाच्या बारापट!

आता इथं जरा थांबू. पहिलं व्यापारी नाताळकार्ड जन्मलं ते वेळ नव्हता म्हणून. आज दिवाळीच्या पहाटे मोबाइलवर एकच पणतीचं चित्र दोनशे जणांना पुढं ढकललं जातं आणि आपण नाक मुरडतो. पण ते चित्र हेन्री कोलचं थेट वंशज आहे, असं म्हणावं लागेल. परंपरा मोडली वगैरे काही नाही. ती परंपराच तशी आहे.

दुसरी गंमत अशी, की कोलचं ते कार्ड दगडावरून छापलेलं होतं, पण त्यातले रंग हातानं भरलेले होते. म्हणजे यंत्र होतं आणि हातही होता. फक्त तो हात पाठवणाऱ्याचा नव्हता.

हा मुद्दा अमेरिकेत आणखी स्पष्ट होतो. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड नावाची मुलगी होती. वडिलांचं पुस्तकांचं आणि कागदसामानाचं दुकान. 1847 साली ती माउंट होल्योक इथून शिकून बाहेर पडली. त्याच सुमारास इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड तिच्या हाती पडलं. त्याला कागदाची लेस होती. म्हणजे साच्यात दाबून उठाव दिलेला, नक्षीची भोकं पाडलेला कागद. हे आपल्यालाही जमेल, असं तिला वाटलं. तिनं काही नमुने केले आणि विक्रीसाठी फिरणाऱ्या भावाबरोबर पाठवले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ पाच हजारांहून अधिकची मागणी घेऊन आला, असं सांगतात.

मग घरातच लांब टेबल मांडलं गेलं. मैत्रिणी आल्या, बायका कामाला लागल्या. एकीनं फुलं कापायची, दुसरीनं लेसखाली रंगीत कागद ठेवायचा, तिसरीनं चिकटवायचं. प्रत्येक कार्ड शंभर टक्के हातचं. पण पद्धत कारखान्याची. हेन्री फोर्डच्या मोटारींना अजून साठेक वर्षं अवकाश होता! 1881मध्ये तिनं हा धंदा जॉर्ज व्हिटनी यांना विकला. तिचं नाव इतिहासात राहिलं. टेबलाभोवती बसलेल्या बायकांची नावं बहुतेक हरवली. त्या काळी मध्यमवर्गीय बाईला घराबाहेर न पडता चार पैसे मिळवायचे मार्ग थोडे होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. म्हणून ‘हातानं केलेलं’ असं कुणी म्हटलं, की ‘कोणाच्या?’ असं विचारावं.

आता साधनांकडे येऊ. शिक्का ही फार जुनी वस्तू. आपल्याकडे शिवकाळातल्या पत्रांवर माथ्याशी मुद्रा आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब झाली की मजकूर संपला, पुढं कुणी काही घुसडायचं नाही. शिक्कामोर्तब हा शब्द तिथलाच. चार्ल्स गुडइयरनं 1844 साली रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं आणि पुढं रबरी शिक्के निघाले. ते कचेरीत रमले: मिळाले, मंजूर, नामंजूर. अधिकाराचं हे हत्यार पुढं छंदिष्ट माणसांनी उचललं आणि त्यावर फुलं-पाखरं आणली. त्यातच उठावाची युक्ती आली. सावकाश वाळणाऱ्या शाईचा ठसा उमटवायचा, त्यावर बारीक पूड भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि गरम हवा द्यायची. पूड वितळते, नक्षी वर उठते, बोटाला लागते.

ॲरिस्टॉटल म्हणतो, मेणावर अंगठीचा ठसा उमटतो तेव्हा मेण आकार घेतं, सोनं घेत नाही. इंद्रियांचं ज्ञानही तसंच. आपणही ‘मनावर ठसलं’ असंच म्हणतो की!

तिसरी वस्तू अगदी अलीकडची, आक्रसणारं प्लास्टिक. 1973 साली विस्कॉन्सिनमध्ये बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोन गृहिणींनी मुलांच्या स्काउटच्या उपक्रमातून ते बाजारात आणलं. पॉलिस्टायरीनचा पत्रा तापवून ताणतात आणि ताणलेला असतानाच थंड करतात. ताण आत गोठून राहतो. त्यावर चित्र काढायचं, कापायचं, दोरा ओवायचा असेल तर भोक आधीच पाडायचं आणि भट्टीत ठेवायचं. आधी ते वेडंवाकडं गुंडाळतं, जीव घाबरतो. मग आपोआप सपाट होतं. लांबी-रुंदी साधारण तिसरा हिस्सा उरते, जाडी वाढते, रंग गडद होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात मिशेल खाइन यांनी हेच खेळण्यातलं प्लास्टिक वापरून, महागडी यंत्रं हाताशी नसताना, प्रयोगशाळेसाठी सूक्ष्म नलिकांचे साचे केले. छंदाला कमी लेखू नये, ते यासाठी. मात्र हे प्लास्टिक सहजी कुजत नाही, हेही विसरू नये.

मग आज कुणी दोन तास बसून एक कार्ड करतं, ते काय करतं? ते जुनी रीत चालवत नाही, उलट तिच्या विरुद्ध जातं. कोलनं वाचवलेला वेळ ते परत देऊन टाकतं. तेही स्वतःच्या हातानं, टेबलाभोवतीच्या परक्या हातांनी नव्हे.

तरी कौशल्य नाही म्हणून कुणी हिरमुसू नये. कोलच्या कार्डावर वर ‘यांना’ आणि खाली ‘यांच्याकडून’ अशा दोन जागा कोऱ्या होत्या. त्यातलं एक कार्ड 2001 साली लिलावात 22,500 पौंडांना गेलं. छपाई इतरांसारखीच, पण ते स्वतः कोलनं आपल्या आजीला पाठवलेलं होतं. तेव्हा विकतचं कार्ड घेतलंत तरी हरकत नाही. ती कोरी जागा तेवढी आपल्या हातानं भरा.

आता प्रश्न घेऊ.