खरखरीचा माग

पावसाळ्यात वीज कडाडली की मीडियम वेव्हवर खरखर येते आणि आपण वैतागून रेडिओचा कान पिळतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की या तरुणाकडे या खरखरीचा उगम शोधण्याचेच काम आले. फोर्ड गाडीच्या चाकांवर गोल फिरणारी अँटेना त्याने उभारली. जवळची वादळे, लांबची वादळे, असा हिशेब लागत गेला; एक बारीक सळसळ मात्र उरली. ती रोज चार मिनिटे लवकर येई, ताऱ्यांसारखी. १९३३ मध्ये त्याने जाहीर केले, ती आकाशगंगेतून येते.

नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातली अशीच कुजबुज ऐकतात. तिथली पंचाईत मात्र उलटी. आड येते ते आपलेच! विजेच्या तारेचा एखादा सैल सांधा ठिणग्या टाकू लागला, तरी अब्जावधी वर्षे प्रवास करून आलेली लहर त्यात बुडते. मग हातात छोटी अँटेना घेऊन खांबामागून खांब तपासायचे. दुर्बिणीची स्वतःची यंत्रेही गोंगाट करतात. त्यांना धातूने मढवून कोंडावे लागते. सांधा आवळला, की पडद्यावरची उसळलेली रेघ खाली बसते.