रस्सा सगळ्यांचा, वाटा कुणाचा?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि बोलणं मटणाच्या भावावर आलं. एकजण म्हणाली, "आता महिन्यातून एकदाच आणतो. पण पोरांना रस्सा तर लागतो, त्यात घालू काय?" आमच्यातल्या एक आजी हसल्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी वर्षातनं चार-पाचदा मटण व्हायचं. रस्सा मात्र कधी थांबला नाही." त्यावरून आम्ही घरोघरच्या म्हाताऱ्या बायांना विचारत सुटलो. जे हाती आलं, ते आज सांगतो.

आमचा भाग जुन्नर-आंबेगावचा. इथं मटणाचे दिवस ठरलेले असायचे. गावची यात्रा, धुळवड, आखाडातला देवाचा कोंबडा, कुणाकडचं जागरण-गोंधळ. चार-पाच घरं मिळून बोकड घ्यायची आणि वाटे घालायची. घरात माणसं पंधरा, वाट्याला मटण शेर-दीड शेर. म्हणजे प्रत्येकाला दोन फोडी आल्या तरी खूप. पुढं श्रावण लागला की तेही बंद. शिवाय वारकऱ्यांचा मुलूख. सासू-सासरे माळकरी असले, तर मटणाची चूल अंगणात तीन दगडांवर आणि भांडीही वेगळी.

मग पोट भरायचं कशानं? वाटणानं. कांदा निखाऱ्यावर भाजायचा, सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजायचं, लसूण, आलं, धने, तीळ घालून पाट्यावर वाटायचं. मटणाला जी चव म्हणतो, ती निम्मी या वाटणाची. नगर-मराठवाड्याकडं भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाले दळून येसूर करून ठेवतात. रश्शाला तो लावला की दाटपणा येतो, आणि थोडक्यात पंगत उठते.

याच वाटणातून आपली मासवडी आली. नावात मास, आत मासाचा कण नाही. बेसनाच्या एका वाटीला दीड-दोन वाट्या पाणी, त्यात हळद, तिखट, लसूण घालून घट्ट पिठलं हाटायचं. ओल्या फडक्यावर थापायचं. वर खोबरं, तीळ, परतलेला कांदा, कोथिंबीर पसरून फडक्यानंच दुमडायचं आणि वड्या कापायच्या. सोबत तोच झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. एका पंगतीत माळकरीही जेवणार आणि बाकीचेही. घर एका चुलीवर ठेवणारी ही वडी आहे.

हे आमच्याच भागात घडलं असं नाही. खानदेशात काळ्या रश्शात शेव पडली, विदर्भात बेसनाच्या पाटवड्या पडल्या. कोकणात मूठभर सोडे वांग्यात घालून सगळ्या घराची भाजी झाली. १९७२ च्या दुष्काळात डाळही महाग झाली, तेव्हा हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे शिजले, असं आमच्या आज्या सांगतात.

ही विद्या पुस्तकात किती आली? छापील मराठी पाकपुस्तकांतलं एक जुनं पुस्तक म्हणजे १८७५ चं 'सूपशास्त्र'. हे पाखडायचं सूप नव्हे बरं का. संस्कृतात सूप म्हणजे वरण. ते लिहिलं रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी, म्हणजे एका पुरुषानं. पुढं १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' आलं. त्या मुंबईच्या पाठारे प्रभू घरातल्या, म्हणून त्यात मटण-मासळीलाही मानाची जागा. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्यांनी मापं वाटी-चमच्यानं दिली आणि नवख्या सुनांची काळजी मिटली. आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांचं जेवण कागदावर आणलं. जे खाल्लं म्हणून माणसांना हिणवलं, त्याचीही कृती लिहिण्याजोगी असते, हे त्या पुस्तकानं दाखवलं. म्हणजे पुस्तकात यायलाही एकेका ताटाला किती वर्षं थांबावं लागलं बघा.

मग गावोगाव पोल्ट्र्या झाल्या, बॉयलर कोंबडी आली. सणाचं मांस दर रविवारचं झालं. त्यामुळं आज कमी करायचं म्हटलं की काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. खरं तर कमी मांसात घर चालवणं ही आपली जुनी रीत आहे.

पण मैत्रिणींनो, त्या जुन्या रीतीत एक खोट होती, तीही सांगितली पाहिजे. आम्ही आज्यांना विचारलं, "दोन फोडींतल्या तुम्हाला किती यायच्या?" बऱ्याचजणी गप्प बसल्या. एक म्हणाली, "आम्ही टोप पुसून खायचो." आधी पुरुष, मग पोरं, शेवटी राहिला तर रस्सा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आमच्या गटातही अशा कितीतरी जणी आहेत. त्यामुळं घरात मांस कमी होताना ते कुणाच्या ताटातून आधी जातं, हे आम्ही बघायला लागलो आहोत. आणि मटणाच्या जागी फक्त तिखट पाणी आलं तर चालणार नाही. बेसन, हुलगा, मटकी, अंडं, पालेभाजी आली पाहिजे. वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं.

आता आमच्या गटानं एक वही घातली आहे. आज्या मापं सांगतात मूठभर, चिमूटभर. आम्ही ती वाटीत मोजून लिहितो. प्रत्येक कृतीखाली दोन ओळी जादा असतात. किती माणसांना पुरतं, ही पहिली. रांधणारीचा वाटा आधी काढला का, ही दुसरी.

पहिल्या पानावर मासवडी आहे. माणसं सहा, वड्या चोवीस. रांधणारीच्या चार वड्या झाकून ठेवायच्या, असं शाईनं लिहिलं आहे. तुमच्या गटानंही अशी वही घाला, आणि पुढच्या भेटीत आम्हाला वाचून दाखवा.