दूरस्थ संगणक-नियंत्रण

एका ठिकाणचा संगणक दुसरीकडून चालविण्याची ही व्यवस्था, मार्च 2020 च्या टाळेबंदीत मुंबईतील भांडुप व मुलुंड यांच्यामधल्या नाहूरसारख्या उपनगरांतील घरांतून दफ्तराचा कारभार चालू लागला तेव्हा, सर्वपरिचित झाली. विंडोजमधील ही सेवा सामान्यतः 3389 क्रमांकाच्या पोर्टवर चालते. ते इंटरनेटवर उघडे ठेवणे किती घातक, हे परवलीच्या शब्दावाचून परक्यास शिरकाव देणाऱ्या, मे 2019 मध्ये उघडकीस आलेल्या ब्ल्यूकीप दोषाने सिद्ध केले. म्हणून व्हीपीएन व द्विस्तरीय पडताळणीचा बंदोबस्त अवश्य असावा. जोडणी न झाल्यास यंत्राची निद्रावस्था, बदललेला आयपी पत्ता व फायरवॉलचे नियम तपासावेत. फायरवॉल समूळ बंद करणे हा उपाय नव्हे. एनीडेस्क या दूरस्थ-नियंत्रण ॲपद्वारे होणाऱ्या यूपीआय अपहाराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच इशारा दिला होता. अशी फसवणूक झाल्यास 1930 या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ फिर्याद नोंदवावी.